तिकिटावरचं नाव

सिंगापूरला आल्यापासून मी एकही पत्रक लिहिलेलं नाही. पुण्यात महिन्याला दोन तरी लिहायचे. टेकडीवरच्या बांधकामाविरुद्ध, नदीत टाकलेल्या भरावाविरुद्ध, आणि सगळ्यात जास्त वाटलं गेलेलं एक, लग्नात मुलीचं नाव बदलण्याविरुद्ध. ते आम्ही मंगल कार्यालयांच्या दारात उभ्या राहून वाटायचो. आत मंगलाष्टकं, बाहेर आम्ही चौघी. लोक हसून घ्यायचे आणि आहेराच्या पिशवीत कोंबायचे. तरी वाटायचो.

इथे मी डिपेंडंट पासवर राहते. नवऱ्याची नोकरी आहे तोवर त्याचा पास, त्याचा पास आहे तोवर माझा. अशा पासवरच्या बाईने चौकात उभं राहून कुणाच्या हातात कागद द्यायचे नसतात. वुडलँड्सला अकराव्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडीपलीकडचं मलेशिया दिसतं आणि तिकडे नेणाऱ्या कॉजवेवर इंचाइंचाने सरकणाऱ्या गाड्या. मी त्या गाड्या बघत भाजी चिरते. मला इथे कुणी बांधून आणलेलं नाही, हे मला कळतं. कळल्याने खिडकी मोठी होत नाही.

गेल्या वर्षी सासू-सासरे दोन महिन्यांसाठी चिंचवडहून आले. सासरे कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. सासूबाईंची मात्र एक इच्छा कधीपासून ठरलेली होती. जहाज. "समुद्रावर एकदा झोपून बघायचंय मला," असं त्या भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगायच्या. त्यांचं माहेर साताऱ्याकडच्या डोंगरातलं, पाण्यासाठी दोन मैल चालायला लावणारं. त्यामुळे ती इच्छा मला कधी फालतू वाटली नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी बरंच वाकडं बोलणार आहे.

ते यायच्या आधीच नवऱ्याच्या बुकित पंजांगमधल्या मित्राने एक पॅकेज सुचवलं. आधी चार दिवस गाडीने उत्तरेकडच्या जंगलात, मग सिंगापूरला परत येऊन चार रात्रींची क्रूझ. माहितीपत्रकावर लिहिलं होतं, 'मानवाचा स्पर्श न झालेलं अरण्य'. त्याच्याच खाली एसी खोलीचा आणि बुफेचा फोटो. मी म्हटलं, जंगलच बघायचं तर पुलाउ उबीन बेटावर जाऊ. बोटीने पंधरा मिनिटं, सायकली भाड्याने मिळतात, जुनी घरं आहेत.

"सायकल?" सासूबाई व्हिडिओ कॉलवरून म्हणाल्या. "या गुडघ्यांनी? तुला मला खाडीत ढकलायचंय का सरळ सांग."

सासरे हसले. पॅकेज ठरलं. त्यांची विमानाची तिकिटं निघायच्या आधीच, पुन्हा चिंचवडला व्हिडिओ कॉल लावून, नवऱ्याने सगळ्यांचं बुकिंग करून टाकलं. मी तेव्हा खाली मार्केटला गेले होते.

आता लग्नाचं सांगते. माझं नाव बदलायचं नाही, असं मी लग्नाआधी नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, प्रश्नच नाही. त्याच्या घरी सांगायचं काम त्याचं होतं. लग्नाच्या संध्याकाळी गृहप्रवेश झाला, लक्ष्मीपूजनाचं ताट आलं, ताटात तांदूळ पसरलेले, आणि गुरुजी नवऱ्याला म्हणाले, अंगठीने नाव लिहा. मी त्याच्याकडे बघितलं. तो कानात पुटपुटला, "फोटोपुरतं गं. पाहुणे आहेत." आणि सासूबाईंनी निवडून ठेवलेलं एक नाव त्याने तांदळात कोरलं. पेढे वाटले गेले. माझा हात ताटाच्या कडेवर होता. मी तो उचलून ताट उलटं करू शकत होते. ज्या बाईने चार हजार पत्रकं वाटली ती बाई मेंदीचा हात ताटावर ठेवून फोटोत हसली. हे मी पुण्यातल्या मैत्रिणींना आजतागायत सांगितलेलं नाही.

कागदावर मी काहीच बदललं नाही. पासपोर्ट, बँक, इथला पास, सगळीकडे माझं जन्माचं नाव आणि वडिलांचं आडनाव. सासूबाई मात्र पहिल्या दिवसापासून त्यांनी ठेवलेल्या नावानेच हाक मारायच्या. मी त्या नावाला कधी 'ओ' दिली नाही. समोर जाऊन उभी राहायचे, विचारायचे, "काय आई?" तीन वर्षं हे असं चाललं होतं. नवरा मला म्हणायचा, "तिने मान्य केलंय आतून. सवयीने बोलते. दे सोडून." मी सोडून देत होते.

आम्ही सकाळी सहाला कॉजवे ओलांडला. व्हॅन आठ जणांची, माणसं आम्ही चार आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे साठीचे, जोहोरचे तमिळ गृहस्थ. सगळे त्यांना अंकल म्हणायला लागलो. सीमेवर चौघांचे पासपोर्ट नवऱ्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये होते. तिथे अधिकारी एकेकाचं तोंड बघून पासपोर्ट परत देत होता आणि नवरा ते पटकन मिटून पाऊचमध्ये ठेवत होता. तेव्हा मला ती घाई नेहमीचीच वाटली.

मग पाच तास पामतेलाची झाडं. दोन्ही बाजूंना, एकाच उंचीची, एकाच अंतराने, क्षितिजापर्यंत. माझा पारा चढत गेला. हे सगळं जंगल होतं. तोडून त्याचं बिस्किटातलं तेल केलं, आणि मधे एक तुकडा ठेवून त्याला 'स्पर्श न झालेलं' म्हणून विकायला काढलं. मी हे मोठ्याने बोलले.

"आमच्या सूनबाईंना विचारून झाडं लावायला पाहिजे होती या लोकांनी," सासूबाई म्हणाल्या. "अहो, ती चकली द्या इकडे."

"आई, चकली पामतेलातच तळतात."

"मी शेंगदाण्याच्या तेलात तळल्यात. खा तू पण. तेवढा वेळ तोंड बंद राहील."

अंकल आरशातून म्हणाले, "आफ्टर धिस, रियल जंगल, लाह." त्यानंतरही दोन तास तीच झाडं होती. काचा बंद, एसी गार, मधे उतरायला जागा नाही.

खरं जंगल नदीपाशी सुरू झालं. अलीकडच्या काठावर गाव, पाण्यावर तरंगत्या तराफ्यांची हॉटेलं, पलीकडच्या काठावर झाडांची भिंत आणि आमचा लॉज. लॉजवर फोनला रेंज नाही. रेंज हवी असेल तर छोट्या होडीने नदी ओलांडून तराफ्यावरच्या हॉटेलात यायचं. पहिल्या संध्याकाळी नवरा दोनदा गेला आला. ऑफिसचं काम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं झाडांच्या शेंड्यांमधून बांधलेल्या दोरांच्या पुलावर गेलो. सासू-सासरे गुडघ्यांमुळे खाली बाकावर थांबले. पायाखाली एक फळी, जेमतेम पाऊल मावेल एवढी. दोन्ही हातांना जाळी. पुढच्या आणि मागच्या माणसात पाच-सहा पावलं अंतर ठेवायचं, वाटेत थांबायचं नाही, आणि मागे फिरायला मुळीच परवानगी नाही. मी पुढे होते, तो मागे. मधोमध आलो तेव्हा खाली नुसतं हिरवं होतं, जमीन दिसतच नव्हती.

"ऐक ना," मागून आवाज आला.

"काय?"

"क्रूझचं चेक-इन होत नाहीये."

"होईल संध्याकाळी. रेंज नसेल."

"रेंजचं नाही. तुझं होत नाहीये. नाव जुळत नाही म्हणतायत. पासपोर्टशी."

मी थांबले. पूल हलायला लागला. पुढच्या झाडावर बसलेला पार्कचा माणूस हात हलवून ओरडला, "मूव्ह, मूव्ह!"

"कुठलं नाव घातलंस तू?"

मागे जाळी करकरली.

"अरे, कुठलं नाव घातलंस?"

"आई कॉलवर होती. तिला स्क्रीन दिसत होती. म्हटलं आत्ता तेच घालू, नंतर बदलू."

"मग बदललं का नाहीस?"

"विसरलो."

"मूव्ह!" पार्कचा माणूस.

जागा त्याने बरोबर निवडली होती. मला वळता येत नव्हतं, त्याच्याकडे बघता येत नव्हतं, दोन्ही हातांत जाळी. मी सरळ समोर बघत, एकेक पाऊल टाकत, झाडांना ऐकवत बोलत होते. अशा अवस्थेत माणूस नीट भांडूही शकत नाही. राहिलेल्या अर्ध्या पुलावर त्याने मला सगळं सांगितलं. प्रवाशांची यादी बंद झाली होती. आता नाव बदललं तर तो दुसरा माणूस धरणार आणि घेणार नाहीत. पण तीच व्यक्ती दोन नावांनी ओळखली जात असेल, तर तिने तसं लिहून सही करायची. 'मला या नावानेही ओळखतात.' सोबत दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं दाखवणारं काहीतरी जोडायचं. उद्या संध्याकाळी पाचच्या आत.

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर तुला चढू देणार नाहीत."

"मग तुम्ही तिघं जा. मी वुडलँड्सला उतरते."

"आईला काय सांगू?"

झाडावर पोचलो तेव्हा मी वळले. तो घामाने भिजला होता, चेहरा पडलेला. त्याला उंचीची भीती वाटते, तरी तो पुलावर आला होता, कारण जमिनीवर मला हे सांगायची त्याला त्याहून जास्त भीती वाटत होती. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर एका पत्रकात संपला असता. तो सगळ्यांना 'हो' म्हणतो आणि ती सगळी 'हो' एका दिवशी एकमेकांवर येऊन आदळतात.

"तूच सांग आईंना," मी म्हटलं. "आज. जेवताना."

जेवायला तराफ्यावरच्या हॉटेलात बसलो. खालून होड्या गेल्या की टेबल हलायचं. सासूबाईंनी भात मागवला होता आणि पिशवीतून मेतकूट काढलं होतं. नवरा फोन हातात घेऊन, भात चिवडत म्हणाला, "आई, ते लक्ष्मीपूजनाचे फोटो आहेत का गं तुझ्या फोनमध्ये? तो ताटाचा?"

त्याला सांगितलं होतं एक आणि हा बोलला भलतंच. तो फोटोच त्याला पुरावा म्हणून जोडायचा होता.

"आहे की. का रे?"

"असंच. क्रूझवाल्यांना पाठवायचाय."

"क्रूझवाल्यांना माझ्या घरचं तांदळाचं ताट कशाला?"

सासरे जेवायचे थांबले. मी काही बोलले नाही. ठरवून बोलले नाही.

"नाव जुळत नाहीये म्हणून," तो म्हणाला. "हिच्या पासपोर्टवर जुनंच आहे ना."

"जुनंच? तू तर म्हणालास, सगळं बदलून झालं. दुसऱ्या महिन्यातच म्हणालास. मी पेढे ठेवले देवापुढे."

आता मी बोलले. "काय म्हणालास तू यांना?"

तो भाताकडे बघत होता.

"आई, माझं नाव कुठेच बदललेलं नाही. बदलणारही नव्हतं. हा मला म्हणाला, तुम्ही मान्य केलंय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मला वाटलं, आता माझ्यावर येतील. त्यांनी मेतकुटाच्या डबीचं झाकण लावलं, नीट, दोनदा दाबून.

"म्हणजे तीन वर्षं मी जिला हाक मारते," त्या म्हणाल्या, "ती कुणीच नाही."

"आई, तसं नाही..."

"तू गप्प बस. तू बोलूच नकोस." मग सासऱ्यांना, "चला हो. होडी बोलवा."

"जेवून घे," सासरे म्हणाले. त्या जेवल्या नाहीत.

त्या दिवशी दुपारी धबधब्याची बोट होती, संध्याकाळी आदिवासींच्या वस्तीला भेट होती. पैसे भरलेले म्हणून सगळीकडे गेलो. चौघं एका लांबट होडीत एकामागे एक बसलेले, कुणी कुणाचं तोंड बघू नये अशीच ती होडी बांधलेली. वस्तीत एका माणसाने फुंकनळीने बाण मारून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो माणूस आमच्याकडे न बघता पुढच्या गटाकडे वळला. एरवी मी यावर पानभर लिहिलं असतं. त्या दिवशी मला त्याच्या वळण्याचं काहीच वाटलं नाही, आणि त्याचीही नंतर लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मचाण होतं. जंगलात लाकडी खांबांवर उभी केलेली एक खोली, एका बाजूला लांब आडवी फट. समोर खारट माती, ती चाटायला जनावरं येतात म्हणे. एक ते तीन बसायचं आणि एक शब्द बोलायचा नाही, अशी पाटी. अंकल आम्हाला सोडून खाली वाटाड्याबरोबर बसले. नवरा दारापाशी पायरीवर टेकला. सासऱ्यांना पाच मिनिटांत डुलकी लागली. फटीपुढच्या बाकावर सासूबाई आणि मी, खांद्याला खांदा.

गरम, ओली, न हलणारी हवा. घड्याळ बघायचं नाही म्हटलं तरी बघितलं जात होतं. पाचला तीन तास वीस मिनिटं. तीन तास. समोर मातीवर एक फुलपाखरू बसलं आणि उडालं. एवढंच जनावर.

सासूबाई समोर बघत कुजबुजल्या, "माझं माहेरचं नाव माहितीये का तुला?"

मी नाही म्हणून मान हलवली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मला वाटलं, आता या सांगणार, माझंही नाव असंच हिरावलं होतं. मी हेच वाक्य कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकलंय, आमच्या पत्रकात छापलंय. मी त्यांचा हात धरायच्या बेतात होते.

"तिसरी मुलगी मी," त्या म्हणाल्या. "आता पुरे, देवाला कळावं, म्हणून तसलं नाव ठेवलं माझं. नको असलेली, असं. आमच्याकडे ठेवायचे तेव्हा. शाळेत मास्तर हजेरी घेताना माझ्या नावापाशी आले की पोरं फिदीफिदी करायची. मी 'हजर' म्हणायचेच नाही. मास्तर गैरहजेरी लावायचे, मी समोर बसलेली."

पायरीवर नवऱ्याचं डोकं वर झालं. त्यालाही हे माहीत नव्हतं.

"लग्नात ह्यांनी तांदळात लिहिलं. मी वाचलं. मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं लिहिलं. सासूबाईंनी त्या नावाने हाक मारली तर मी इकडेतिकडे बघितलं, कुणाला बोलावतायत. मग कळलं. मग दिवसभर मी आतबाहेर करत राहिले, परत हाक मारावी म्हणून."

आमच्या पत्रकात पहिल्याच ओळीत होतं की नाव बदलणं म्हणजे चोरी, प्रत्येक वेळी चोरी. ती ओळ मीच लिहिली होती, आणि त्या ओळीत ही बाई बसत नव्हती.

"तुझं नाव काही वाईट नव्हतं. ते मला दिसतं," त्या म्हणाल्या. "पण मी म्हटलं, माझ्या घरात आलेल्या पोरीला आपल्या हाताने काहीतरी चांगलं द्यावं. मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून एक नाव जपलं होतं मी. मुलगी झाली नाही. ते तुला दिलं."

"आई, पण मला विचारलं असतंत."

"विचारायला सांगितलं होतं याला. हा म्हणाला, तिला फार आवडलं."

आम्ही दोघींनी एकदम दाराकडे बघितलं. तो तोंड फिरवून झाडं बघत होता. सासरे जागे झाले, म्हणाले, "आलं का काही?"

"नाही आलं," सासूबाई म्हणाल्या. "झोपा."

थोड्या वेळाने त्या परत कुजबुजल्या. "तू करू नकोस सही. नको असेल तर. मला तसलं नको. आपण नको जाऊया जहाजावर. घरी पुरणपोळ्या करू."

हे ऐकून मला सगळ्यात जास्त राग आला. कुणावर ते सांगता येत नाही. त्यांनी हट्ट केला असता तर मी नाही म्हणाले असते, ताठ मानेने, आणि परत येऊन झोपले असते. पण त्या उठल्या, पायातल्या मोज्यावर चढलेली जळू त्यांनी मिठाच्या पुडीने सोडवली, माझ्या मोज्यावरची पण सोडवली, आणि काठी टेकत पायऱ्या उतरायला लागल्या. समुद्रावर झोपायची गोष्ट त्यांनी तिथेच सोडून दिली होती, जळूसारखी, जास्त न बोलता. आता 'नाही' म्हटलं तरी मी त्यांचं जहाज घेणार होते, आणि 'हो' म्हटलं तर माझं तीन वर्षांचं एकुलतं एक 'नाही' जाणार होतं. तिसरी वाट त्या जंगलात मला दिसली नाही. कुणाला दिसत असेल तर त्याने सांगावं. मी अजून शोधतेय.

नदीपाशी पावणेपाचला पोचलो. तराफ्यावर गेलो. नवऱ्याने फोनवर फॉर्म उघडून माझ्यापुढे धरला.

"तू नको धरूस," मी म्हटलं. "टेबलावर ठेव."

मी ते इंग्रजी वाक्य तीनदा वाचलं. 'मी जाहीर करते की मला खालील नावानेही ओळखतात.' जाहीर करते. पुण्यात आम्ही केवढ्या गोष्टी जाहीर करायचो. ओळखतात कोण? एक बाई. एकच. आणि ती समोर, पाठमोरी, नदीकडे बघत बसली होती. मग मला वाटलं, एक बाई ओळखते हे तर खरं आहे. एवढ्यापुरतं मी खोटं लिहीत नाही. हे स्वतःला समजावणं होतं, याची मला सही करतानाच खात्री होती. बोटाने सही केली. काचेवर ती माझी वाटतच नव्हती.

"फोटो," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी मागे न बघता फोन त्याच्याकडे सरकवला. त्याने ताटाचा फोटो घेतला. मी एकदा पाहिला. तांदूळ, अंगठी, त्याचं बोट, माझा मेंदीचा हात. कसला भक्कम पुरावा. पाचला आठ मिनिटं होती तेव्हा फॉर्म गेला. वीस मिनिटांनी उत्तर आलं, आपले स्वागत आहे.

"झालं!" तो म्हणाला आणि हसला. त्याला वाटलं, खरंच झालं.

"तू आता कुणाच्याही वतीने काही बोलायचं नाहीस," मी त्याला म्हटलं. "माझ्या नाही, आईंच्या नाही. विचारलं तर 'तिला विचार' म्हणायचं. एवढी दोन शब्दांची नोकरी कर."

परतीचे सात तास व्हॅनमध्ये सासूबाई खिडकीला डोकं टेकून होत्या. पामची झाडं आली, गेली, आली. मी त्या झाडांबद्दल काही बोलले नाही आणि माझं तोंड बंद करायला कुणी चकली दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मरीना बेच्या टर्मिनलवर काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट बघितला, पडदा बघितला, गोड हसली आणि मला एक प्लॅस्टिकचं कार्ड दिलं. त्यावर ते नाव, ठळक अक्षरात. खोलीचं दार त्या कार्डाने उघडायचं, जेवण त्या कार्डाने, जहाजातून उतरणं-चढणं त्या कार्डाने. ते गळ्यात अडकवायचं. अख्ख्या जहाजावर माझं दुसरं काही नव्हतंच. जेवणघरातले वाढपी छातीवरचं वाचून पहिल्या नावाने हाक मारतात, आदबीने, प्रत्येक वेळी. सकाळी खोली आवरणारा तेच, लिफ्टपाशी उभी असलेली बाई तेच. तीन वर्षांत मी ते जितक्यांदा ऐकलं नसेल तितक्यांदा दोन दिवसांत ऐकलं. चारी बाजूंना पाणी, जाणार कुठे?

सासूबाई मात्र ते नाव घेईनात. पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी कान देऊन ऐकलं. "अगं." "अगं, पाणी दे." "हिला विचार, चहा हवाय का." जुनं नाव, माझं खरं, तेही नाही. त्यांनी मला काहीच म्हणायचं सोडून दिलं होतं. रागाने नाही. रागावल्या असत्या तर मला ओळखता आलं असतं. रात्री त्या नीट झोपत होत्या, सकाळी सासऱ्यांना समुद्र दाखवत होत्या, मला जवळ बसवून घेत होत्या. फक्त हाक नव्हती. जे मला हवं होतं ते मला मिळालं होतं, अगदी पूर्ण, आणि मी दिवसभर त्यांच्या आसपास घुटमळत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभ्या होतो. वारा इतका की पदर हातात धरावा लागत होता. मागून वाढप्याने मोठ्याने ते नाव घेतलं; माझा कॉफीचा कप टेबलावर राहिला होता बहुतेक. आम्ही दोघींनी एकदम मान वळवली. सासूबाईंची तर माझ्याआधी वळली.

त्यांनी त्या मुलाकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे, आणि परत पाण्याकडे तोंड केलं.

"जा," त्या म्हणाल्या. "तुला बोलावतोय तो."